शेवटच्या डब्याचा लाल दिवा

"बंद करा! पावणं, बंद करा म्हणतो न्हवं ते! अवो, डायवर इंजनातनं उडी मारंल की!"

माझे सासरे एवढ्या मोठ्यानं ओरडले, की खाली गल्लीतून चाललेल्या रिक्षावाल्यानं कचकन ब्रेक मारला. खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा. त्या दिवसापासून तो आमच्या दारावरून जाताना हॉर्नसुद्धा दबकत वाजवतो.

मी बटणाला हात लावून उभा होतो. समोर आठ बाय चारच्या प्लायवूडवर सासऱ्यांचं ठेसन झगमगत होतं. छपराच्या कडेनं लाल, हिरवे, निळे दिवे एकमेकांच्या मागं पळत होते. तिकिटाच्या खिडकीवर उजेडाचं चक्र फिरत होतं. ऊस लावायच्या मोकळ्या जागेतून कारंजं उडावं तसा उजेड वर जाऊन खाली पडत होता. महिनाभर खपून मी तिथं चारशे दिवे बसवले होते. मोजून तीनशे चाळीस होते, पण बायकोला चारशे सांगितलं होतं, त्यामुळं चारशेच.

"मामा, जरा दम धरा," मी म्हटलं. "अजून फाटक बघितलं न्हाईसा. फाटक उघडलं की मोर पिसारा फुलवतोय."

"मोर?" सासरे म्हणाले. "पावणं, ह्यात सिग्नल कुठला, दावा मला. गाडीनं कुठल्या दिव्याकडं बघून यायचं? हे ठेसन हाय का गणपतीचं मंडळ?"

बायको दारात येऊन उभी राहिली. तिनं एकदा ठेसनाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "सांगितलंतं मी," ती म्हणाली. "आबांचं काम हाय, जरा बेतानं करा म्हणून."

मी बटण बंद केलं.

चूक माझीच. पण ही चूक करायला मी पस्तीस वर्षं शिकलोय. लायटिंग हा माझा धंदा. कोल्हापुरात गणपतीत दिवा लावतात तो उजेडासाठी नव्हे, शेजारच्या मंडळाचा दिवा दिसू नये म्हणून. आमच्या धंद्यात "कमी" हा शब्द कामगाराच्या तोंडून आला तर आम्ही त्याला सुट्टीवर पाठवतो. एकदा कोडोलीच्या एका लग्नात मी इतके दिवे लावले होते, की पन्हाळ्यावरचे कोंबडे रात्री अकराला आरवले आणि वरातीतल्या दोन म्हाताऱ्यांनी उठून आंघोळ केली. असा माणूस ठेसनाला दिवे लावायला बसला तर मोर निघणारच.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. ते मला पावणं म्हणतात. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, सासूबाई गेल्यापासून सहा वर्षं ते आमच्याच घरी राहतात, तरी पावणंच. घर माझं, आणि घरातला पाहुणाही मीच. मिरजेच्या लाईनीवरच्या एका लहान ठेसनाचे ते मास्तर होते. एकतीस वर्षं. ठेसन एवढं लहान की मालगाडी उभी राहिली तर इंजिन एका गावात आणि शेवटचा डबा दुसऱ्या गावात, आणि दोन्ही गावचे सरपंच भांडायला हजर.

निवृत्त झाल्यावर त्यांनी पुण्याहून एक छोटी रेल्वे आणली. बोटभर उंचीचं इंजिन आणि सहा डबे. आमच्या माडीवरच्या खोलीत प्लायवूड टाकून रूळ त्यांनी स्वतः जोडले. सायकलच्या ब्रेकची तार लावून सिग्नल ओढायचा दांडा केला. सिग्नलचा खांब मी कागलच्या एमआयडीसीतल्या एका दोस्ताकडून लेथवर उतरवून आणला. पण ठेसनाची इमारत आणि फाटक सोडलं तर रुळांच्या पलीकडं सगळं उघडं प्लायवूड होतं. पोळपाटावर मुंगी फिरावी तशी गाडी वर्षानुवर्षं गोल फिरायची, आणि मामांना त्याचं काही वाटायचं नाही. बाकीचं त्यांना डोळे मिटून दिसायचं.

मग उघडे डोळेही मिटायला लागले. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेली ती नजर परत येत नाही, राहिलीय ती धरून ठेवायची. थेंब चालू केले, सकाळी एक, संध्याकाळी एक. आधी मामांना बांगडीएवढ्या भोकातून जग दिसायचं. गेल्या उन्हाळ्यात ते म्हणाले, "आता अंगठी झालीया." जेवताना ताटातली भाकरी दिसायची, भाजी शोधावी लागायची. बायको वाट्या मुद्दाम एका जागी ठेवायची आणि मला डोळ्यांनी दटावायची, काही बोलू नका म्हणून. मी कुठला बोलतोय? एवढा बोलका माणूस मी, ताटात बघून जेवायचो.

एका दुपारी त्यांनी मला माडीवर बोलावलं. "पावणं, गावाला दिवे लावतासा. माझ्या ठेसनाला लावा की."

"लावतो की. त्यात काय!"

"आणि जमीन, झाडं, ऊस, सगळं. रॉकेलच्या दिव्याच्या वेळचं करायचं. मला एकदा संध्याकाळची पॅसेंजर घ्यायची हाय. डोळं हाईत तवर."

"घ्या की. रोजच फिरवतासा न्हवं?"

"फिरवणं येगळं, घेणं येगळं," मामा म्हणाले, आणि मग त्यांनी मला जे सांगितलं ते अठ्ठावीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. गाडी ठेसनातून गेली की मास्तरानं शेवटच्या डब्यामागचा लाल दिवा आपल्या डोळ्यानं बघायचा असतो. तो दिसला म्हणजे गाडी सगळी आली, मागं एखादा डबा तुटून राहिलेला नाही. त्याशिवाय मागच्या ठेसनाला लाईन मोकळी म्हणून कळवायचं नाही. एकतीस वर्षांत त्यांनी एकाही गाडीचा लाल दिवा चुकवला नव्हता. फक्त एक सोडून.

"कुठली?" मी विचारलं.

"शेवटची. रिटायर झालो त्या संध्याकाळची. तुमी फोटोसाठी हॅलोजन लावलंतं."

मला आठवलं. निरोप समारंभाला जावई म्हणून मी फुकटात लायटिंग केलं होतं आणि वर्षभर ते सगळ्यांना सांगत होतो. मामांच्या गळ्यात नाकापर्यंत हार, समोर माझे दोन हॅलोजन, प्रत्येकी हजार वॉट. त्या उजेडात मामांच्या मागून पॅसेंजर गेली. ते वळून बघेपर्यंत डोळ्यांपुढं नुसतं पांढरं. नव्या मास्तरानं दिवा बघितला, कळवलं, काही बिघडलं नाही. "पर मी न्हाय बघितला," मामा म्हणाले. रागानं नव्हे. भाजीत मीठ कमी आहे, म्हणावं तसं.

आता सांगा, ह्याच्यावर कुठला माणूस कमी दिवे लावेल? मी चारशे लावले. आणि ते ओरडले. तिथून ही गोष्ट सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी मी सगळे दिवे उपसून काढले आणि आधी जमिनीला हात घातला. ऊस केला खराट्याच्या काड्यांचा, वर हिरव्या कागदाची पाती. बाभळी केल्या घोसाळ्याच्या वाळक्या जाळीच्या. गवत म्हणजे रंगवलेला लाकडाचा भुसा. ह्या गवताचं आणि माडीवरच्या पंख्याचं जन्माचं वैर. तो पंखा मामा नोकरीत असतानाचा, त्यांनीच बरोबर आणलेला, फिरताना कट-कट-टक, कट-कट-टक असा आवाज करायचा, आणि दर टकाला माझं अर्धं कुरण उडून मामांच्या चहात. पण मामा पंखा बंद करू द्यायचे नाहीत. "ठेसनावर वारा असायचा," म्हणायचे. रुळाखालच्या खडीसाठी मला बारीक, एकसारखी, मळकट पांढरी अशी काहीतरी वस्तू पाहिजे होती. ती मला स्वयंपाकघरात सापडली.

"अवो, खसखस कुठं गेली?" बायको खालून ओरडली. "अनारशाला आणून ठेवलीती!"

"ठेसनात हाय," मी वरून म्हटलं.

"कुठल्या ठेसनात?"

त्यावर मामा पहिल्यांदा हसले. ते हसले म्हणून मी चेकाळलो, आणि पुढची चूक केली. ठेसनामागून एक ओढा वाहायचा. पाणी चकाकणारं, जरा गढूळ, संथ पाहिजे. बाजारात त्याच्यासाठी काय काय मिळतं म्हणे, पण मी कोल्हापूरचा माणूस. मला चकाकणारं, गढूळ आणि संथ म्हटलं की काकवीच आठवते. गुऱ्हाळावरून किटली भरून आणली आणि ओढ्यात ओतली. असा ओढा मी आयुष्यात बघितला नाही. त्यात ढग दिसत होते. खोलीत ढग कुठून आले विचारू नका, दिसत होते.

सकाळी माडीवर आलो तर मामा फळीवर वाकून बसलेले, नाक रुळाला टेकेल इतके जवळ.

"पावणं," ते म्हणाले, "फलाटावर गर्दी केलासा व्हय? आज बाजाराचा वार दिसतोय."

मी माणसं बसवलीच नव्हती. मुंग्या होत्या. ओढ्यापासून फलाटापर्यंत काळी रांग, तिकिटाच्या खिडकीपाशी तर ढकलाढकली. मामांच्या त्या अंगठीएवढ्या भोकातून त्यांना काळी माणसं हलताना दिसत होती, आणि तोंडावर जो काही आनंद होता, तो सांगायला माझ्याकडं थाप नाही. मुंग्या आहेत म्हणून सांगावं की नाही, मला कळेना. मी म्हटलं, "व्हय मामा. कोडोलीकडची मंडळी हाईत." बायकोनं मागून मला चिमटा काढला. दुपारी मामा झोपल्यावर आम्ही दोघांनी ओढा खरवडून काढला आणि तिथं काच बसवली. संध्याकाळी त्यांनी फलाटावर बोट फिरवलं आणि विचारलं, "गाडी गेली वाटतं?" मी म्हटलं, गेली.

मग दिवे. ह्या वेळी मामा सांगायचे आणि मी लावायचो. त्यांना पाहिजे होते फक्त सात. खिडकीत कंदील, टेबलावर बत्ती, नावाच्या पाटीपाशी एक, फाटकावर एक, रूळ बदलायच्या सांध्यापाशी एक, आणि दोन सिग्नल. आठवा गाडीच्या शेपटीला. सात दिव्यांचं काम मी शिकाऊ असतानाही नाकारलं असतं.

"आणि सिग्नलात हिरवी काच लावू नका," मामा म्हणाले. "निळी लावा."

"निळी? मामा, सिग्नल हिरवा असतोय."

"तो दिसतोय हिरवा. मागं रॉकेलची पिवळी ज्योत, पुढं निळी काच. पिवळ्यातनं निळं आलं की डायवरला हिरवं दिसतंय. मास्तरला ठावं असतंय, काच निळी हाय."

पस्तीस वर्षं उजेड विकला, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बांगडीच्या दुकानातून एक निळी आणि एक लाल बांगडी आणली, नखाएवढे तुकडे काढले आणि पिवळ्या दिव्यापुढं बसवले. हिरवा दिसला. कसला दिसला! मी बायकोला हाक मारून तीनदा दाखवला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "दिसला, आता आबांना दावा."

इथंच सगळं अडलं.

दिवा कंदिलाएवढा ठेवला, की ठेसन खरं दिसायचं. अंधारात सात पिवळे ठिपके, मध्ये ऊस काळा, अंगावर काटा यावा असं. आणि मामा विचारायचे, "लावलासा का?" लावलेला असायचा. मी दिव्यांचा रेग्युलेटर थोडा वर करायचो. "आता?" "न्हाय." आणखी वर. शेवटी त्यांना दिसायचा तेव्हा तो कंदील नसायचा, हॅलोजन असायचा. ते तोंड फिरवायचे. "एवढा उजेड नसतोय कंदिलाचा, पावणं. हे तुमचं मंडळ झालं."

खरं केलं की दिसत नव्हतं, आणि दिसेल असं केलं की खरं राहत नव्हतं. ह्याच्यात मी काय करणार? मला दिवे वाढवता येतात. मी खिडक्यांना मांडवाचं काळं कापड लावलं, म्हणजे अंधार वाढेल आणि बारीक दिवाही उठून दिसेल. मामांची खुर्ची सहा फुटांवरून चार फुटांवर आणली, चारावरून दोनावर, दोनावरून वीतभर. एकदा मी गुपचूप कंदील जरा मोठा करून बघितला, तर त्यांनी लगेच विचारलं, "वात वर केलासा व्हय?" ज्या माणसाला ताटातली भाजी दिसत नाही त्याला वात दिसली. आणि डॉक्टरांकडं गेलो तर ते यंत्रातून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, थेंब चालू ठेवा. तेवढंच. मी त्यांना विचारलं, "साहेब, आमी काय करायचं?" ते म्हणाले, "जे दाखवायचंय ते दाखवून घ्या." त्या दवाखान्यात एवढे ट्यूबलाईट होते, आणि मला बाहेर पडताना दार सापडेना.

डोळ्याला बरा दिवस पंधरवड्यातून एखादा यायचा. असाच एक दिवस आला. दुपारी मामा म्हणाले, "आज जरा मोकळं वाटतंय." मी गाडीच्या शेपटीचा लाल दिवा त्यांच्यासमोर धरला, कंदिलाच्या मापाचाच, वर-खाली न करता. त्यांनी मान इकडं-तिकडं हलवली, पाखरू दाणा बघतं तशी, आणि बोट बरोबर दिव्यावर ठेवलं. "ह्यो हाय." मी खाली जाऊन तोंड धुवून आलो.

संध्याकाळी मामांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. बायको मागचं ठेसन झाली. देवघरातली घंटा घेऊन ती जिन्यात बसली आणि मामांनी सांगितल्याप्रमाणे दोन टोल दिले, म्हणजे पॅसेंजर निघाली. काळं कापड सोडलं. सात दिवे. वर पंखा, कट-कट-टक. गाडी ठेसनाबाहेर सिग्नलपाशी उभी. मामा वीतभर अंतरावर, हात दांड्यावर.

"घेतो," ते म्हणाले, आणि दांडा ओढला. सिग्नलचा हात खट्‌ करून खाली आला.

आणि सगळं काळं झालं.

मला वाटलं माझेच डोळे गेले. मग कळलं, वीज गेली. अख्ख्या जिल्ह्याला जनरेटर पुरवणारा माणूस मी, माझ्या गोदामात पाच उभे आहेत, आणि माडीवर मी साधा एक सेल ठेवला नव्हता.

"सिग्नल पडला का?" मामांनी विचारलं.

आता सरळ सांगायचं की नाही, की वीज गेलीय, जरा थांबू? पण वीज कधी येईल सांगता येत नव्हतं, आणि तो बरा दिवस कधी परत येईल हे तर त्याहून नाही. आणि माझं तोंड माझ्या डोक्याआधी पळतं, ही माझी जुनी खोड.

"पडला की मामा! हिरवा! असा हिरवा की कोवळ्या उसाची पात!"

"मग घ्या गाडी."

मी बटण दाबलं. काय होणार? मग चाचपडत हात घातला. कोपराखाली उसाचा एक फड आडवा झाला, एक बाभूळ पडली. इंजिन हाताला लागलं. मी ते दोन बोटांनी ढकलायला लागलो, हळूहळू, रुळांवरून चाकांचा बारीक आवाज येईल असं. तोंडानं शिट्टी दिली.

"फाटक ओलांडलं मामा! फाटकावरचा गडी हात करतोय! ऊस लाल झालाय इंजनाच्या उजेडानं! आली, आली, फलाटाला लागली! काय गर्दी, काय गर्दी! एकजण टोपली घेऊन पळतोय, त्याचा फेटा सुटलाय!" खसखशीवरून माझी बोटं घासत होती. डबे मी हातानं मोजत होतो. एक, दोन, तीन, चार, पाच. "आणि बघा मामा, बघा, शेवटचा डबा! लाल! डाळिंबाच्या दाण्याएवढा, बरोबर तुमच्या समोरनं जातोय, गेला बघा, सगळी गाडी आली!"

मी थांबलो. घाम गळत होता. जिन्यात बायकोनं मोबाईलची बॅटरी लावली होती, पण मुठीत झाकून ठेवली होती. तिच्या बोटांमधून थोडं लाल दिसत होतं. ती हलत नव्हती.

मामा खुर्चीत ताठ बसले होते, तोंड गाडी गेली त्या बाजूला वळलेलं.

"मामा," मी विचारलं, "दिसला न्हवं दिवा?"

"लाईट गेलीया, पावणं," ते म्हणाले. "पंखा मगाशीच थांबलाय."